घराखालचा वायू
रेडॉनची मोजणी आणि त्याचा बंदोबस्त

अमेरिकेतील न्यू जर्सी अथवा पेनसिल्व्हेनिया या राज्यांत स्थायिक झालेले आपले कोणी आप्त तेथे घर विकत घेऊ लागले, म्हणजे खरेदीखतापूर्वीच्या तपासण्यांची जी लांबलचक यादी ते आपल्याला ऐकवितात, तीत छपराची मजबुती, वाळवीचा प्रादुर्भाव, नळांची आणि विजेच्या तारांची अवस्था या बाबी आपल्या सहज ध्यानात येतात. परंतु घराची दारे-खिडक्या दोन दिवस बंद ठेवून तळघरात एक लहानसा डबा किंवा यंत्र मांडून ठेवावयाचे, आणि त्याच्या अहवालावर प्रसंगी सौद्याची रक्कम कमी-जास्त व्हावयाची, ही बाब मात्र ऐकणाऱ्याला गूढ वाटते. ज्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि ज्याच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसालाही साध्या डोकेदुखीची तक्रार करावी लागत नाही, असे काय तो डबा त्या रिकाम्या तळघरात पकडीत असतो?

तो पकडीत असतो रेडॉन नावाचा वायू. घराखालच्या जमिनीतून तो अखंड वर येत असतो आणि तो किरणोत्सर्गी आहे.

पहाऱ्याच्या यंत्राने दिलेला इशारा

हा वायू शास्त्रज्ञांना १९०० सालच्या सुमारासच ज्ञात झाला होता, आणि खाणींतील हवेत तो विपुल असतो हेही लौकरच ध्यानात आले होते. परंतु सामान्य गृहस्थाच्या घरातही तो धोकादायक प्रमाणात साचू शकतो, ही गोष्ट अमेरिकन जनतेच्या आणि सरकारच्या खऱ्या अर्थाने गळी उतरली ती १९८४ सालच्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुविद्युत केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंते कामास होते. कामगारांच्या अंगावर किरणोत्सर्गी धूळ चिकटली आहे काय हे पाहण्यासाठी दरवाज्याशी जी यंत्रे बसविलेली होती, ती वॉट्रस जवळ आले की ठणाणा करू लागत. केंद्रातील अणुभट्टीचे काम त्या वेळी अद्याप पुरतेपणी सुरूही झालेले नव्हते, तेव्हा ही बाधा आली कोठून, याचा उलगडा होईना. अखेरीस एके दिवशी वॉट्रस सकाळी आत आले ते केंद्रातील कोणत्याही विभागात न जाता थेट त्या यंत्रासमोर उभे राहिले, आणि यंत्राने तत्काळ इशारा दिला. बाधा ते केंद्रातून घरी नेत नव्हते, तर घरून केंद्रात आणीत होते.

त्यांच्या घराची हवा तपासली तेव्हा रेडॉनचे प्रमाण अमेरिकी सरकारने पुढे ठरविलेल्या मर्यादेच्या सातशेपटीच्या आसपास निघाले. कुटुंबाला घर सोडावे लागले आणि दुरुस्तीनंतरच परतता आले. ज्या भूभागावर ते घर उभे होते, तो रीडिंग प्राँग या नावाने ओळखला जाणारा प्राचीन खडकांचा पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीमार्गे न्यूयॉर्क राज्यात जातो, आणि त्यात युरेनियमचा अंश बराच आहे. आपल्या आप्तांच्या यादीतील ती गूढ बाब या पट्ट्यामुळे आणि या प्रकरणामुळे तेथे दाखल झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

खडकापासून तळघरापर्यंत

पृथ्वीवरील बहुतेक सर्व मातीत आणि खडकांत थोडेबहुत युरेनियम असतेच. सर्वसाधारण मातीच्या एका टनात ते दोन-तीन ग्रॅम भरते. युरेनियमचे अणू अतिशय मंद गतीने फुटत असतात, आणि त्यांच्या विघटनातून टप्प्याटप्प्याने रेडियम निर्माण होते. रेडियमचा अणू फुटला, की त्यातून अल्फा कण नावाचा एक जड, विद्युत्भारित कण वेगाने बाहेर पडतो आणि मागे उरतो तो रेडॉनचा अणू.

येथवरची सर्व मूलद्रव्ये घन स्वरूपाची, म्हणून जेथल्या तेथे खडकाच्या कणांत जखडलेली. रेडॉन मात्र वायू, आणि तोही हेलियम किंवा निऑन यांच्या कुळातला, म्हणजे कोणत्याही अन्य द्रव्याशी सहसा रासायनिक संयोग न पावणारा. त्यामुळे मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून तो मोकळेपणाने संचार करतो. त्याला मुदत मात्र थोडी असते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे कोणत्याही साठ्यातील निम्मे अणू फुटून जाण्यास लागणारा काळ, अवघे ३.८ दिवसांचे आहे. तेवढ्या अवधीत जो अणू जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचला तो हवेत येतो, बाकीचे मातीतच संपतात.

मोकळ्या मैदानावर आलेला रेडॉन वाऱ्याने विखुरतो आणि त्याचे प्रमाण नगण्य होते. बंद घरात आलेल्या रेडॉनला मात्र विखुरण्यास वाव नसतो. येथे एक समजूत दूर केली पाहिजे. रेडॉन हवेच्या सुमारे साडेसातपट जड असल्यामुळे तो तळघरात खाली बसून राहतो, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. वस्तुतः घराच्या हवेत तो इतका विरळ असतो की हवेच्या हालचालीबरोबर तो सर्वत्र मिसळून जातो. तळघरात तो अधिक असतो तो त्याचा उगम तेथून जवळ असतो म्हणून.

घर जमिनीतून हवा ओढते

रेडॉन घरात केवळ आपणहून शिरतो, अशी आपली कल्पना होणे स्वाभाविक आहे. परंतु मुख्य वाटा त्याला ओढून घेण्याचा असतो, आणि ते काम घर स्वतःच करीत असते. थंड प्रदेशात हिवाळ्यात घर आतून तापविलेले असते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, माळ्यावरील फटींतून बाहेर जाते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी घराच्या तळच्या भागात हवेचा दाब किंचित उतरतो. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, आणि हा उतार असतो अवघा दोन-चार पास्कलांचा. पण शहाळ्यात नळी घालून तोंडातला दाब अंमळ कमी केला की पाणी जसे आपोआप वर येते, तसा जमिनीतला वायू कोब्याच्या भेगांतून, भिंत आणि कोबा यांच्या सांध्यातून, नळ जेथून आत येतात त्या भोकांतून आणि पाणी उपसण्यासाठी केलेल्या खड्ड्यातून वर ओढला जातो. मातीच्या पोकळ्यांतील या हवेत दर घनमीटरला रेडॉनचे हजारो अणू प्रतिसेकंदी फुटत असतात, उलट बाहेरच्या मोकळ्या हवेत दहाच्या आसपास. तेव्हा घरात येणाऱ्या हवेचा थोडासा हिस्सा जरी जमिनीतून आला तरी एकूण हिशेब पार बदलतो.

स्वयंपाकघरातील आणि न्हाणीघरातील हवा बाहेर फेकणारे पंखे हीच ओढ वाढवितात. तसेच, केवळ वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या तर रेडॉन कमी होण्याऐवजी कधी कधी वाढतो, कारण गरम हवेला वर निसटण्यास अधिक मोकळी वाट मिळते आणि खालची ओढ बळावते. एका कुंपणाच्या दोन बाजूंना असलेल्या, एकाच कंत्राटदाराने एकाच वर्षी बांधलेल्या दोन घरांतही या वायूचे प्रमाण कित्येक पटींनी भिन्न असू शकते, ते यामुळेच. खालची माती, तीमधील भेगा, कोब्यातील फटी आणि घरातील हवेची ये-जा यांचा मेळ प्रत्येक घराचा निराळा. शेजाऱ्याचा अहवाल आपल्या घराला लागू पडत नाही.

फुप्फुसात काय घडते

श्वासावाटे आत गेलेला रेडॉन बव्हंशी तसाच उच्छ्वासावाटे बाहेर येतो, आणि त्याने स्वतः फारसे नुकसान होत नाही. खरी हानी करतात ती त्याच्या विघटनातून उत्पन्न होणारी पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांची किरणोत्सर्गी रूपे. ही पुन्हा घन द्रव्ये. हवेतील धुळीला आणि धुराच्या कणांना ती चिकटतात, श्वासाबरोबर आत जातात आणि श्वासनलिकांच्या ओलसर अस्तरावर बसतात. त्यांतल्या एका पोलोनियमचे अर्धायुष्य सुमारे तीन मिनिटांचे, शिशाचे सत्तावीस मिनिटांचे, बिस्मथचे वीस मिनिटांचे; म्हणजे शरीराने त्यांना कफाबरोबर बाहेर काढण्यापूर्वीच ती बहुतेक फुटून गेलेली असतात. पोलोनियममधून निघणारा अल्फा कण साध्या कागदानेही अडतो आणि त्वचेच्या मृत थराला तो भेदू शकत नाही. पण श्वासनलिकेच्या अस्तराला असा मृत थर नसतो, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी अंतरात तो कण आपली सारी ऊर्जा जिवंत पेशींत ओतून मोकळा होतो. अशा आघातांनी पेशीतील आनुवंशिक द्रव्याची जी मोडतोड होते, तीतून वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो.

या रोगाची वार्ता रेडॉनच्या शोधाहून फार जुनी आहे. जर्मन पंडित आग्रिकोला याने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या खाणशास्त्रावरील ग्रंथात कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकामागून एक सात नवरे या क्षयाने गमावलेल्या स्त्रियांचा उल्लेख केला आहे. सॅक्सनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांच्या अशाच रोगाची हार्टिंग आणि हेसे या वैद्यांनी १८७९ साली चिकित्सा केली आणि तो फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे दाखवून दिले. पुढे विसाव्या शतकात युरेनियमच्या खाणींतील कामगारांची आणि नंतर सामान्य घरांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांची पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ साली रेडॉनला निःसंशय कर्कजनक ठरविले, आणि धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून आज त्याचीच गणना होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे त्या देशात दरसाल सुमारे २१,००० माणसे यापायी दगावतात.

यात तंबाखूचा भाग किती, हेही सांगितले पाहिजे. याच खात्याच्या हिशेबाप्रमाणे मर्यादेइतक्या रेडॉनमध्ये आयुष्य काढणाऱ्या, कधीही धूम्रपान न केलेल्या हजार माणसांपैकी सुमारे ७ जणांना हा कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्या हजारांत हा आकडा ६२ वर जातो. रेडॉनच्या भयाने घाबरून जाऊन हातातली सिगारेट मात्र न टाकणाऱ्याने आपल्या चिंतेचा क्रम बदलावा, हे उत्तम.

मोजणी

मर्यादेइतका रेडॉन असलेल्या खोलीच्या एका घनमीटर हवेत त्याचे जेमतेम सात कोटी अणू असतात. सात कोटी हा आकडा मोठा वाटेल, परंतु त्याच घनमीटरात हवेचे रेणू असतात पंचविसावर चोवीस शून्ये इतके. कोणत्याही रासायनिक परीक्षेने एवढा विरळ पदार्थ हाती लागणे अशक्य. तो मोजता येतो तो केवळ यासाठी, की त्यातला प्रत्येक अणू फुटताना आपला पुरावा मागे ठेवतो. रेडॉन मोजण्याची सर्व साधने हा पुरावाच गोळा करतात.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सक्रिय कोळशाची डबी. झाकण काढून ती दोन ते सात दिवस ठेवावयाची. कोळसा रेडॉन शोषून घेतो, मग डबी घट्ट बंद करून प्रयोगशाळेकडे रवाना करावयाची. येथे दिरंगाई चालत नाही, कारण डबी टपालात आठवडाभर पडून राहिली तर आतल्या रेडॉनचा मोठा हिस्सा वाटेतच नाहीसा होतो.

दीर्घ मुदतीच्या मोजणीसाठी नखाएवढी प्लॅस्टिकची चकती असलेली डबी वापरतात, आणि मला स्वतःला हे साधन सर्वांत मनोहर वाटते. तीन महिने ते वर्षभर ती खोलीत निमूटपणे पडून असते. तिच्यावर आदळणारा प्रत्येक अल्फा कण प्लॅस्टिकमध्ये एक अतिसूक्ष्म ओरखडा उठवितो, जो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत ती चकती कढत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही तास बुडवून ठेवली, की जखम झालेला भाग आधी विरघळतो, प्रत्येक ओरखड्याच्या जागी एक वाटोळा खड्डा पडतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते खड्डे मोजून वर्षभराचा सरासरी रेडॉन काढता येतो. रेडॉन दिवसा-रात्री, ऋतूऋतूंत आणि पावसापाण्याने बराच बदलत असल्यामुळे, माणसाच्या प्रकृतीशी ज्याचा संबंध तो आकडा हाच.

घरखरेदीच्या धांदलीत वर्षभर थांबणे कोणालाच परवडत नाही, म्हणून तेथे तासातासाची नोंद ठेवणारे विजेचे यंत्र किमान ४८ तास मांडतात. त्याआधी बारा तास आणि चाचणी चालू असेपर्यंत घराची दारे-खिडक्या बंद असली पाहिजेत. ये-जा करण्यापुरते दार उघडण्यास मुभा असते. विकणाऱ्याला आकडा कमी यावा असे वाटणार, हे गृहीत धरून यांतील कित्येक यंत्रे उष्णता, दमटपणा आणि स्वतःची हलवाहलव यांचीही नोंद करतात, आणि मध्यरात्री कोणी खिडकी उघडली तर ती कागदावर उमटते.

साधन कोणतेही असो, ते घरातल्या सर्वांत खालच्या वापरातल्या मजल्यावर, जमिनीपासून हात-दीड हात उंच, खिडकी, बाहेरची भिंत आणि उष्णतेची साधने यांपासून दूर ठेवावयाचे. स्वयंपाकघर व न्हाणीघर वर्ज्य.

[चौकट: आकडे कसे वाचावेत
एका सेकंदाला एक अणू फुटणे म्हणजे एक बेक्वेरेल. रेडॉन दर घनमीटर हवेमागे बेक्वेरेलमध्ये मोजतात. अमेरिकेत मात्र दर लिटरमागे पिकोक्युरी हे जुने एकक चालते. १ पिकोक्युरी प्रतिलिटर म्हणजे ३७ बेक्वेरेल प्रतिघनमीटर. अमेरिकी सरकार ४ पिकोक्युरींना, म्हणजे १४८ बेक्वेरेलना, घरदुरुस्ती करा असे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली १०० बेक्वेरेल ही पातळी सुचविली. ते साधत नसेल तेथे कोणत्याही परिस्थितीत ३०० ओलांडू नये, असा तिचा सल्ला आहे. जगातील घरांची सरासरी ४० च्या आसपास भरते.]

बंदोबस्त

आकडा अधिक निघाला तर पहिली सूचना कोणीही करील ती खिडक्या उघडण्याची. ती चुकीची नव्हे. पण उणे अंशाच्या थंडीत ती आठवडाभरही पाळता येत नाही, आणि खिडकी लावताच काही तासांत रेडॉन पूर्वपदावर येतो. दुसरी सूचना भेगा बुजविण्याची. तीही एकटी पुरत नाही, कारण काँक्रीटला नव्या भेगा पडत राहतात आणि दिसतात त्यांहून न दिसणाऱ्या फटी अधिक असतात.

रुळलेला उपाय निराळाच आहे, आणि तो शहाळ्याच्या त्याच दाखल्यावरून समजतो: एका शहाळ्यात दोन नळ्या असतील आणि दुसरी नळी अधिक जोराने ओढणाऱ्याच्या तोंडात असेल, तर पहिल्याच्या वाट्याला काही येत नाही. ही दुसरी नळी बसवावयाची ती कोब्याखाली. कारागीर तळघराच्या कोब्याला विताहून लहान व्यासाचे एक भोक पाडतो, त्यातून बादलीभर खडी-माती हाताने उपसून खाली एक पोकळी करतो, तीत तीन किंवा चार इंची पीव्हीसी नळ बसवून भोवतालची जागा लांबीने घट्ट भरतो, आणि तो नळ माळ्यातून किंवा घराच्या बाहेरून छपराच्या वर नेऊन सोडतो. वाटेत एक पंखा असतो. साध्या दिव्याइतकी वीज खाणारा हा पंखा अहोरात्र चालतो आणि कोब्याखालचा दाब घरातल्या दाबाहून कमी ठेवतो. मग भेगा असल्या तरी त्यांतून हवा घरात येण्याऐवजी घरातून खाली जाते, आणि जमिनीतला वायू छपरावरून मोकळ्या हवेत निघून जातो.

काम सुरू करण्याआधी जाणता कारागीर एक छोटी परीक्षा घेतो. तळघराच्या एका टोकाला कोब्यातून हवा ओढावयाची आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिलीएवढे भोक पाडून त्याच्या तोंडाशी धुराची कांडी धरावयाची. धूर भोकात खाली ओढला गेला तर कोब्याखाली खडीचा थर आहे आणि एक नळ पुरेल. धूर जागच्या जागी घोटाळत राहिला तर खाली घट्ट चिकणमाती आहे, आणि दोन-तीन ठिकाणी नळ बसवावे लागतील. हे न पाहता पंखा मोठा बसविला की काम भागेल असे समजणारे पंखा बदलत राहतात.

दोन पथ्ये येथे काटेकोर आहेत. पंखा राहत्या भागात किंवा तळघरात बसवावयाचा नाही, कारण पंख्यानंतरच्या नळात वायू दाबाखाली असतो आणि सांधा ढिला झाल्यास तो थेट घरात येईल. दुसरे, कोब्याच्या मोठ्या भेगा आधी बुजविल्या पाहिजेत. नाहीतर पंखा घरातलीच तापलेली हवा ओढू लागतो, आणि गॅसवर चालणाऱ्या बंबाचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी उलटा घरात येण्याचा संभव असतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि तो रेडॉनप्रमाणे वर्षे थांबत नाही.

पंखा चालू आहे की नाही हे समजण्यासाठी नळावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचेसारखी एक बारीक नळी चिकटविलेली असते, तीत रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा बंद; एक बाजू एखाद-दीड इंच वर असेल तर ओढ शाबूत. एवढ्या ओढीने कित्येक घरांतील रेडॉन नव्वद टक्क्यांहूनही अधिक उतरतो. तरीही काम झाल्यावर महिन्याच्या आत पुन्हा चाचणी आणि पुढे दर दोन वर्षांनी एकदा, असा प्रघात आहे. नवे घर बांधताना कोब्याखाली खडी, तीवर प्लॅस्टिकचा पडदा आणि एक उभा नळ घालून ठेवला तर हा सारा खटाटोप फार थोडक्या खर्चात होतो.

आपल्याकडची स्थिती

महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बसाल्ट खडकावर वसला आहे, त्यात ग्रॅनाइटच्या तुलनेने युरेनियम फारच थोडे असते. शिवाय आपली घरे वर्षाचे बहुतेक महिने उघडी, तळघरे क्वचित, आणि शहरांतला बहुसंख्य समाज जमिनीपासून कित्येक मजले वर राहणारा. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याकडे संशयाने पाहणाऱ्या गृहिणीने निश्चिंत असावे. ओट्याच्या दगडातून येणारा रेडॉन जमिनीतून येणाऱ्याच्या मानाने सामान्यतः किरकोळ असतो. जुन्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवर असलेला पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकणाचा काही भाग, आणि कोठेही तळमजल्यावरची वातानुकूलनासाठी सदा बंद ठेवलेली खोली, यांची गोष्ट थोडी वेगळी. तेथे मोजून पाहण्यास अर्थ आहे.

भारतात मोजणीला आणखी एक अडचण येते. केरळच्या किनाऱ्यावरील चवरा भागातील वाळूत मोनाझाइट हे खनिज विपुल आहे, आणि त्यातील थोरियमपासून रेडॉनचेच एक भावंड निघते, ज्याला थोरॉन म्हणतात. त्याचे अर्धायुष्य पंचावन्न सेकंदांचे, म्हणून तो भिंतीपासून किंवा जमिनीपासून दूर पोहोचतच नाही. पण साध्या डबीत तो शिरला तर त्याचे ओरखडे रेडॉनच्या खात्यावर चढतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठी दोन कप्प्यांची डबी तयार करण्यात आली. हवा गाळणकागदातून पहिल्या कप्प्यात येते आणि तेथून टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून दुसऱ्यात झिरपते. या झिरपण्यास इतका वेळ लागतो की वाटेतच थोरॉन संपतो आणि दुसऱ्या कप्प्यातील फितीवर केवळ रेडॉनची नोंद होते. पहिल्या कप्प्याच्या आकड्यातून दुसऱ्याचा वजा केला, की थोरॉन किती हेही कळते. ही डबी छतापासून आणि भिंतीपासून थोडे अंतर राखून दोरीने टांगतात, आणि सुमारे तीन महिन्यांनी उतरवून फिती प्रयोगशाळेत तपासतात.